सातव्या पायरीवरचा चहा

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ते ऑफिसातल्या जुन्या चार्जरसारखे असतात. कुठल्या फोनचा, कुणाचा, कधीचा, काही सांगता येत नाही. टाकवत तर नाहीच. आणि एक काढायला खण उघडावा तर एकात एक गुंतून सगळेच बाहेर येतात! परवा एका लग्नात कुणीतरी विचारलं, "अक्का, या वयात तुम्ही त्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात जाऊन करता तरी काय?" मी एकच किस्सा सांगायला घेतला. पंगत उठली, पत्रावळ्या उचलल्या गेल्या, माझं आपलं चालूच. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. ज्याला कंटाळा येईल त्याने पान उलटावं, लग्नासारखी अडचण नाही.

आधी माणसं सांगते. ऑफिस जळगावात, एका पाइपच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. मालक किशोर, धुळ्याचा. पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली आणि मग म्हणाला, आता जे काही करायचं ते खान्देशात. शबाना जळगावचीच, तिच्या अब्बांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. आमच्या कोडचा कणा म्हणजे शबाना. तुषार धुळ्याचा. हुशार आणि उतावळा, दोन्ही सारख्याच मापाने. आणि मी. वय सत्तरीच्या पुढे. शिक्षण नववी. बाकीचं माझं मी शिकले, आणि त्यात कुणाचे उपकार नाहीत.

* * *

माझी मुलाखत किशोरनेच घेतली. त्याला डॉक्युमेंटेशन लिहिणारं माणूस हवं होतं.

"अक्का, शिक्षण?"

"नववी. पण मॅन्युअल सगळी."

"सगळी म्हणजे?"

"म्हणजे हाताला लागली ती सगळी. धुळ्याच्या मिलमध्ये मी टायपिस्ट होते. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावर रेशमी कापड घालून ठेवलं होतं, देवासारखं. हात कुणी लावत नव्हतं. मी मॅन्युअल घरी नेलं, शेजारी डिक्शनरी ठेवली आणि वाचलं. महिनाभराने कापड काढलं."

किशोर हसला. म्हणाला, "आता तुम्ही काही विचारा."

मी म्हटलं, "तुमचा कोड दाखवा."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पहिल्याच पानावर एक मोठं फंक्शन होतं आणि त्याच्या डोक्यावर कॉमेंट: 'हे का चालतं ठाऊक नाही. कृपया हात लावू नका.'

"हे कुणी लिहिलं?"

कोपऱ्यातून तुषारने हात वर केला.

"बरं. आणि नंतर याला हात कुणी लावला?"

तुषारचा हात वरच होता!

त्याच दिवशी मी कामाला लागले.

* * *

कामाला लागले म्हणजे नियम केले. एक, ज्याने कोड लिहिला त्याने त्याचं डॉक्युमेंट लिहायचं नाही, शेजारच्याने लिहायचं. लिहिणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतं, म्हणून तो अर्धं पोटात ठेवतो. दुसरं, रोज चार वाजता, चहाच्या वेळी, लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, मराठीत. मराठीत सांगता येत नसेल तर इंग्रजीत लिहायचं नाही. आणि तिसरं, जे आपण या ऑफिसात आपल्या हाताने करून पाहिलेलं नाही, ते कागदावर जाणार नाही. म्हणजे नाही!

पहिल्या आठवड्यात तुषारच्या त्या फंक्शनचं डॉक्युमेंट शबानाच्या वाट्याला आलं. चार वाजता तिने उभं राहून वाचलं:

"या फंक्शनबद्दल माहितीसाठी तुषारला भेटा. तुषार म्हणतो, मला भेटू नका."

* * *

आता आम्ही बनवतो काय, ते सांगते. हे मी आधी माझ्या नणंदेला सांगून पाहिलंय. माझं माहेर पहूरचं, सासर धुळ्याचं. नणंद धुळ्यातच असते आणि अजून खणखणीत अहिराणी बोलते.

"वहिनी, तू दिनभर त्या डबडापुढे बसीसन काय करस वं?"

मी म्हटलं, "हे बघ. वेब-असेंब्ली म्हणून एक प्रकार आहे. प्रोग्राम एकदाच बांधायचा आणि कुठल्याही मशीनवर न्यायचा. तिथे रनटाइम नावाचा यजमान असतो, तो त्या प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत भाषांतर करतो आणि चालवतो. पण जगात चिपा शंभर जातीच्या. प्रत्येक चिपेची भाषा त्या यजमानाला येत नाही. मग तिथे काय करायचं?"

"काय करानं?"

"तिथे आमचा इंटरप्रिटर. लग्नात गुरुजी असतात ना, तसा. प्रोग्रामची आधी एक सोपी पोथी करायची, तिला बाइटकोड म्हणतात. गुरुजी एक ओळ वाचतो, चिप तेवढं करते. 'अक्षता घ्या.' घेतल्या. 'पाणी सोडा.' सोडलं. मग पुढची ओळ. थोडा हळू चालतो, पण एकच गुरुजी कुठल्याही गावाच्या मांडवात उभा राहतो."

नणंदेने नीट विचार केला.

"गुरुजी सांगस ते नवरदेव बठ्ठं ऐकस का?"

"हो, सगळं. एक अक्षर इकडे तिकडे नाही."

"मंग तो आमना गावना नई शे!"

दुसऱ्या दिवशी मी हे ऑफिसात सांगितलं आणि त्या दिवसापासून आमच्या इंटरप्रिटरचं नावच गुरुजी पडलं. परदेशात सुद्धा त्याच नावाने ओळखतात.

* * *

परदेशाचा विषय निघालाच आहे, तर सगळ्यांचा जीव कुठे अडकला होता तेही सांगते. तो रनटाइम आमचा नाही. तो जगभरातले लोक मिळून चालवतात आणि त्यात काय घ्यायचं, काय नाही, हे त्यांचे मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारे, ठरवतात आणि घेतलं की 'मर्ज केलं' म्हणतात. किशोरने पहिल्याच महिन्यात आम्हाला समोर बसवून सांगितलं, "गुरुजी त्यांच्या मूळ प्रोजेक्टात घेतले गेले, तर आपल्याला कामाची वाण नाही. हे ऑफिस इथेच राहील. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, नाही घेतले गेले, तर मी कुलूप लावतो आणि पुण्याची नोकरी धरतो. तुमच्यासाठीही तिथे शब्द टाकीन."

शबाना म्हणाली, "माझ्यासाठी नका टाकू. जळगावात बसून जगाचं काम होतं, हेच तर मला दाखवायचंय."

तुषार म्हणाला, "मी जाईन, पण रडत जाईन."

राहिले मी. मला पुण्यात कोण घेणार? मुलाखतीला गेले तर आजी म्हणून खुर्ची देतील, पाणी देतील आणि नोकरी दुसऱ्याला देतील! हा खेळ माझ्यासाठी शेवटचाच होता. आणि मी हरायला बसत नाही.

* * *

गुरुजींची पहिली परीक्षा पाचोऱ्याच्या नानांच्या मशीनवर झाली. नाना केळी पिकवायच्या थंड खोल्या बांधतात. खोलीत तापमान राखायला एक कंट्रोलर लागतो आणि नाना दर वेळी बाजारात मिळेल ती चिप त्यात बसवतात. त्यामुळे त्यांच्या खोल्यांत शंभर जातींतल्या निम्म्या तरी जाती सापडतात. आम्हाला असंच गिऱ्हाईक हवं होतं.

नानांनी सगळ्यात जुना कंट्रोलर आमच्या टेबलावर आणून ठेवला. तुषारने गुरुजी चढवले, वर नानांचा तापमानाचा प्रोग्राम चढवला. प्रोग्रामात लिहिलं होतं, अठरा अंश ठेवा. नाना चष्मा पुसून पुढे वाकले. कंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर आकडा आला.

तीस कोटी!

तुषारने पडदा पुसून पाहिला.

नाना शांतपणे म्हणाले, "अक्का, केळी पिकवायची आहेत, वितळवायची नाहीत."

तुषार घाईने म्हणाला, "नाना, आकडा चुकला, पण प्रोग्राम चालला हे तर खरं ना?"

"चालला? अरे पळाला!"

झालं होतं ते साधंच. काही चिपा आकडा मांडताना लहान टोक, म्हणजे एकं-दहंकडचं, आधी ठेवतात, काही मोठं टोक आधी. वेब-असेंब्लीत लहान टोक आधी, हे ठरलेलं. नानांच्या त्या जुन्या चिपेची रीत उलटी. गुरुजींनी पोथी उलट्या टोकाने वाचली आणि अठराचे तीस कोटी झाले. शबानाने दुपारपर्यंत दुरुस्त केलं. पडद्यावर अठरा आले तेव्हा नानांनी हात जोडले. आम्हाला नाही, कंट्रोलरला.

* * *

पुढे किशोरने वेगाचा ध्यास घेतला. गुरुजी एकेक ओळ वाचतात म्हणून हळू. मग नेहमी जोडीने येणाऱ्या दोन ओळींची एकच ओळ केली तर? म्हणजे 'बेरीज कर' आणि 'तपासून पुढे जा' ही एकच सूचना. याने वेग खरंच वाढतो. शबानाने मोजून मोजून अशा थोड्या जोड्या केल्या.

तुषारला ही कल्पना इतकी आवडली की त्याने पाच ओळींची मिळून एक सूचना केली. आणा, गुणा, मिळवा, तपासा, ठेवा. सगळं एका दमात!

शबानाने त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं. "तुषार, हे म्हणजे शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा आणि ताक एकाच घासात."

"मी तसंच खातो!"

नानांचे सगळे प्रोग्राम तपासले. ती पाच ओळींची सूचना एकदाही कुठे लागली नाही. तुषार म्हणाला, "लोक प्रोग्राम नीट लिहीत नाहीत, त्याला मी काय करू?"

* * *

एकदा शबानाचे अब्बा डबा द्यायला वर आले. त्या दिवशी आम्ही एक यंत्र लावलं होतं. ते स्वतःच वेडेवाकडे प्रोग्राम रचतं आणि गुरुजींच्या अंगावर सोडतं. कुठे फुटतात का ते बघायचं. स्क्रीनवर ओळी धावत होत्या आणि आम्ही चौघं हाताची घडी घालून बसलो होतो.

"बेटी, ये कौन चला रहा?"

"कोई नहीं अब्बा. मशीन खुद उलटे-सीधे प्रोग्राम बनाती है, हमारा काम तोड़ने के लिए."

अब्बा बराच वेळ बघत राहिले. त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"इसके वास्ते मशीन कायको लगाई? मेरे गिऱ्हाईक भेज देता मैं. नई मोटर सुबह ले जाते, शाम को जला के लाते!"

* * *

तुषार शनिवार-रविवार धुळ्याला जातो आणि सोमवारी एसटीने येतो. एका सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. "अक्का, एरंडोलला बस बंद पडनी." उतावळा झाला की त्याची अहिराणी बाहेर येते.

त्या दिवशीचं चारचं वाचन त्याचं होतं. पण नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, "फोनवर वाच. आम्ही ऐकतो."

तो बसमध्ये उभा राहून मोठ्याने वाचू लागला. विषय होता उडी. पोथी वाचताना गुरुजींना मधल्या ओळी सोडून पुढे जावं लागतं, तिला आम्ही उडी म्हणतो. तुषारने वाचलं, "उडीच्या सूचनेत जितका आकडा असेल तितकी घरं पुढे उडी मारावी."

मी विचारलं, "कुठून मोजायचं? उडीच्या सूचनेच्या आरंभापासून की शेवटापासून?"

तुषारऐवजी दुसराच जाड आवाज आला. "ओ भाऊ, बाईंचं बरोबर आहे. लांब उडीत फळीपासून मोजतात. मी पीटीचा मास्तर आहे."

तिसरा आवाज. "फळीपासून नाही, टाचेपासून!"

"टाच शेवटाला मोजतात हो, आरंभाला नाही!"

बस बंद, ऊन मी म्हणतंय, लोकांना दुसरा उद्योग नाही. अख्खी बस वादात उतरली. मी ओरडले, "तुषार, काय ठरतंय?"

"अक्का, बसमध्ये दोन मतं आहेत!"

"मग शबानाने कोडमध्ये काय केलंय ते बघ. बसला कशाला विचारतोस?"

एवढ्यात घरघर ऐकू आली, आणि कुणीतरी ओरडलं. मी विचारलं, "आता काय झालं?"

"काही नाही. ड्रायव्हर म्हणतो, गाडी चालू झाली, आता कुणी उडी मारू नका!"

* * *

त्या परदेशी प्रोजेक्टाचे मुख्य मेंटेनर आमचं सगळं काम तपासायचे. त्यांचं बोलणं फार तोडून. 'नाही.' 'का?' 'पुन्हा.' 'पुरावा?' एवढ्यावर त्यांची पत्रं संपत. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण इतकं थोडं आणि इतकं ठाम बोलणारा माणूस म्हातारा असणार, म्हणून आम्ही आपसात त्यांना आबा म्हणू लागलो. "आबांनी परत पाठवलं." "आबा आज खूश दिसतात, दोन शब्द लिहिलेत."

मग एकदा व्हिडिओ कॉल ठरला. किशोरने नवा शर्ट घातला. मी केस नीट बांधले. पडद्यावर एक कोवळा मुलगा आला. मिसरूड नाही, मांडीवर तान्हं बाळ, खांद्यावर दुधाचा डाग!

तुषारच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नमस्कार आबा!"

तो मुलगा थांबला. इंग्रजीत विचारलं, "आबा म्हणजे काय?"

किशोरचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, एवढ्यात शबानाने डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "आमच्याकडे मेंटेनरला आबा म्हणतात."

त्याने मान हलवून कामाचं बोलणं सुरू केलं. पण त्या दिवसानंतर त्याच्या प्रत्येक पत्राखाली सही असायची: आबा.

* * *

आता आबांचं आणि माझं एका गोष्टीवरून वाकडं होतं. ती म्हणजे सातवी पायरी.

नव्या चिपेवर गुरुजी कसे बसवायचे, याच्या पायऱ्या मी लिहिल्या होत्या. सातव्या पायरीवर सगळ्या चाचण्या चालतात. हळू चिपेवर त्याला वेळ लागतो आणि तोवर पडदा कोरा राहतो. कोरा पडदा बघून तुषारला वाटायचं की गाडी अडकली. तो मधेच वायर उपटायचा आणि नानांच्या कंट्रोलरचं कार्ड खराब करायचा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी मी डॉक्युमेंटात लिहिलं:

'पायरी सात. चाचण्या सुरू करा. आता चहा घ्या. कप रिकामा झाल्याशिवाय पायरी आठवर जाऊ नका.'

त्यानंतर एकही कार्ड खराब झालं नाही. शबानाने त्याचं जसंच्या तसं इंग्रजी केलं.

आबांचं पत्र आलं. 'चहा का?'

मी उत्तर लिहवून घेतलं, 'करून पाहिलं आहे. उपयोग होतो.'

'मिनिटं लिहा.'

'मिनिटं लिहिली की माणूस घड्याळ बघतो आणि हात कीबोर्डवरच ठेवतो. कप धरला की हात गुंततो.'

चार दिवस काही आलं नाही. मग आलं, 'हा विनोद आहे का?'

'नाही. पायरी आहे.'

किशोर माझ्या मागे लागला. "अक्का, एका चहासाठी सगळं अडेल. काढून टाका ना ती ओळ!"

"करून पाहिलेलं आहे. काढणार नाही."

"आखाजी तोंडावर आलीय अक्का!"

"आखाजी येऊ दे. ओळ जाणार नाही."

* * *

आणि मग तो आखाजीच्या आधीचा आठवडा.

आबांनी शेवटची अट घातली. ते एक अनोळखी माणूस निवडणार. त्याला आमचा कोड आणि आमचं डॉक्युमेंट एवढंच मिळणार. त्याने आम्ही कधी न पाहिलेल्या चिपेवर गुरुजी चालवून दाखवायचे. आम्ही त्याच्याशी बोलायचं नाही. त्याला एकही प्रश्न विचारावा लागला तर डॉक्युमेंट अपुरं, मग नवा माणूस शोधून पहिल्यापासून. म्हणजे आखाजीच्या कितीतरी पुढे. म्हणजे कुलूप.

माणूस निवडला गेला. एक बाई होती, कुठल्याशा दूरच्या देशातली. आमची चारची वाचनं बंद झाली. तुषार दर घटकेला मेल उघडून बघायचा. प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशी प्रश्न नाही. शबाना म्हणाली, "एक तर सगळं कळतंय, नाहीतर काहीच कळत नाहीये." नानांचा फोन आला, "झालं का?" म्हणून. अब्बांनी खालूनच हाक मारून विचारलं. किशोर पुण्याशी हळू आवाजात फोनवर बोलू लागला. असे निरोपाचे आवाज मला ओळखता येतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी पत्र आलं. आबांचं.

'एक प्रश्न आला आहे.'

किशोर खुर्चीत बसला. तुषारने डोळे मिटले. शबानाने पुढचं वाचायला सुरुवात केली आणि तिचा आवाज मधेच बदलला. त्या बाईने लिहिलं होतं:

'पायरी सहापर्यंत सर्व नीट झालं. पायरी सातवर चाचण्या सुरू केल्या. डॉक्युमेंटात चहा घ्या असं आहे. माझ्या घरी चहा नाही, कॉफी आहे. कॉफी चालते का? कप रिकामा झाल्याशिवाय आठवर जाऊ नका असं लिहिलं आहे, म्हणून मी कालपासून थांबले आहे.'

खाली आबांची ओळ: 'एकच संधी देतो. तिला उत्तर देऊ नका. उत्तर डॉक्युमेंटात द्या.'

"अक्का!" किशोर उभाच राहिला. "आता तरी काढा ती पायरी! काढा आणि पाठवा!"

"काढायची कशाला? अपुरी आहे, पुरी करते."

"मग लिहा ना, कॉफी चालते! दोन शब्द!"

"करून पाहिलंय का?"

"काय?"

"या ऑफिसात कॉफी घेऊन चाचण्या कुणी चालवल्यात? कुणी नाही. मग लिहू कसं?"

किशोरने कपाळाला हात लावला. शबाना मात्र उठून नानांचा कंट्रोलर काढू लागली. तिला नियम पाठ आहेत. मी तुषारला म्हटलं, "जा, कॉफी आण."

खालच्या टपरीवर कॉफी नव्हती. टपरीवाला म्हणाला, "या उन्हात कॉफी? कोण आजारी आहे?" शेवटी तुषार दोन चौक पलीकडच्या किराणा दुकानातून पुड्या घेऊन धावत आला. टपरीवरच उकळली. चार ग्लास वर आले. शबानाने चाचण्या सुरू केल्या. पडदा कोरा झाला. आम्ही चौघांनी ग्लास धरले.

मी जन्मात कॉफी प्यायले नव्हते. पहिल्या घोटाला माझा चेहरा बघून तुषार हसायला लागला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो त्याचा ग्लास घेऊन खिडकीत गेला. पण वायरीला हात कुणी लावला नाही. कुणीच नाही. ग्लास रिकामे झाले आणि पडद्यावर हिरवी ओळ आली. सगळ्या चाचण्या पास.

मी खुर्ची पुढे ओढली आणि सातवी पायरी स्वतःच्या हाताने पुरी केली. पाठवताना खाली बदलाचं कारण लिहावं लागतं. तिथे लिहिलं:

'चहा किंवा कॉफी. दोन्ही इथे तपासलं आहे. कॉफीला चव नाही, पण चालते.'

शबानाने इंग्रजी केलं, बटण दाबलं. आम्ही वाट बघत बसलो. ऊन उतरलं, पाइपचं दुकान बंद झालं, शटरचा आवाज आला.

मग मेल वाजला. आधी त्या बाईचा, एका ओळीचा: 'कप रिकामा झाला. आठ, नऊ, दहा झाल्या. गुरुजी चालतात.'

आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा:

'मर्ज केलं. कॉफी दुधाची होती का? आबा.'